कंबुजदेशाची यात्रा

प्राचीन स्थळें पाहण्यासाठीं परदेशीं जाण्याची हौस सुशिक्षित कुटुंबांतून वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. गेल्या हिंवाळ्यांत आम्हींही नातवाला सोबत घेऊन कंबोडियाची, म्हणजे प्राचीन कंबुजदेशाची, यात्रा केली. जातांना मनांत एक अभिमान होता. परततांना त्याच्या जागीं निराळीच भावना आली. ती वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम अंकोरवाट पाहिलें. इ. स. च्या १२ व्या शतकाच्या पूर्वार्धांत दुसऱ्या सूर्यवर्म्यानें बांधविलेलें हें विष्णुमंदिर पश्चिमाभिमुख आहे. पूर्वेकडील ओवरींत समुद्रमंथनाचा सुमारें ४९ मीटर लांबीचा शिल्पपट आहे. एका अंगास ९२ असुर, दुसऱ्या अंगास ८८ देव, आणि मध्यें विष्णु! पश्चिमेच्या ओवरींत कुरुक्षेत्र व लंकेचें युद्ध. तें सारें पाहून नातू म्हणाला, "आजोबा, हें तर सगळें आपलेंच आहे!" आम्हींही कौतुकानें मान डोलाविली.

बाहेर येतांना पश्चिम गोपुरांत एक आजीबाई अष्टभुज विष्णुमूर्तीपुढें उदबत्ती लावीत होत्या. येथील बहुतेक लोक धर्मानें बौद्ध. तरी ही मूर्ति त्यांना आपली रक्षणकर्ती वाटते, व तिची पूजाअर्चा तेच चालवितात. आमचें 'आपलेंच' तेथें थोडें अडखळलें.

पुढें बांतेय स्राय येथें गेलों. तांबूस वालुकाश्माचें हें लहानसें शिवालय यज्ञवराह नांवाच्या विद्वान् राजगुरूनें उभारिलें. त्याची प्रतिष्ठा इ. स. ९६७, म्हणजे शके ८८९ मध्यें झाली. आपल्या पंचांगांतला शक इतक्या दूर देशीं चालत होता! शिलालेख संस्कृत, म्हणून चष्मा सांवरून मोठ्या उत्साहानें पुढें सरलों. परंतु एक अक्षर लागेल तर शपथ! लिपि मुळांत दक्षिण भारतांतून गेलेली खरी. पण ख्मेर लोकांनीं तिला आपलें वळण दिलें आहे. या देशांत देवांची व राजांची स्तुति संस्कृत श्लोकांत, आणि जमिनी, सेवक, तांदूळ यांचा हिशोब ख्मेर भाषेंत लिहीत. जन्मभर संस्कृत शिकविलेले आम्ही त्या दगडापुढें मुळाक्षरें न येणारे विद्यार्थी ठरलों.

शेवटीं कोह केर. ही चौथ्या जयवर्म्याची १० व्या शतकांतील राजधानी. येथील एका देवळांत भीम-दुर्योधनांच्या गदायुद्धाचा मूर्तिसमूह होता. १९७० नंतरच्या यादवींत चोरांनीं मूर्ति घोट्यांपाशीं तोडून नेल्या. पावलें तेवढीं बैठकींवर राहिलीं. त्या पावलांवरूनच परदेशीं गेलेल्या मूर्तींची ओळख पटली, आणि २०१४ सालीं भीम व दुर्योधन दोघेही अमेरिकेंतून स्वदेशीं परतले. नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आम्हीं ते पाहिले. समोर शाळेचीं मुलें डोळे विस्फारून उभीं होतीं. नातू हळूच म्हणाला, "आजोबा, हे यांचेच."

वाचकहो, कथा आपल्याकडून गेल्या, हें खरें; परंतु दगड त्यांचा, हात त्यांचे, आणि जपणूकही त्यांचीच. भारतीय पुरातत्त्व खात्यानें १९८६ ते १९९३ या काळांत अंकोरवाटच्या डागडुजीस हातभार लाविला, तोही शेजारधर्म म्हणून. आपणांपैकीं जे जातील त्यांनीं आधीं चार पुस्तकें वाचावीं, शिल्पांस हात लावूं नये, जुनी म्हणून विकावयास आलेली मूर्ति घेऊं नये, आणि मालकाच्या नव्हे, पाहुण्याच्या नात्यानें तो उंबरा ओलांडावा.