हिरव्यांना युरोप का हवा होता?

स्थानिकांच्या हाती कारभार मागणाऱ्या ब्रिटनच्या ग्रीन पक्षाने युरोपीय संघ सोडण्याला विरोध का केला? उत्तर समुद्रकिनारी सापडते. ब्लॅकपूलजवळचे समुद्राचे पाणी स्नानायोग्य न ठेवल्याबद्दल १९९३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवले. पुढे अशा न्यायालयाला दंडाचाही अधिकार मिळाला.

किनाऱ्यावरच्याच ब्रायटनमधून २०१० मध्ये कॅरोलाइन लुकस या पहिल्या ग्रीन खासदार निवडून आल्या. २०१६ च्या सार्वमतात ब्रायटन-होव्हच्या सुमारे ६९ टक्के मतदारांनी संघात राहण्याचा कौल दिला. देश बाहेर पडल्यावर इंग्लंडसाठी नवी देखरेख संस्था आली. तिला सरकारला न्यायालयात खेचता येते, दंड ठोठावता येत नाही. किनारा गावाचा खरा. पण तो राखायला कधी आपल्याच सरकारच्या वरचे न्यायपीठ लागते.