पहिल्या आकड्याची जादू

नागपुरात मनीषनगर ओलांडून बेसा, घोगली, बेलतरोडीकडे गेलं की एकेकाळच्या शेतांवर ले-आउट पडलेले दिसतात. 'एनए-टीपी मंजूर', 'आरएल प्लॉट', 'मिहान जवळ' अशा पाट्या जागोजागी. तिथल्या एखाद्या साइटवर प्लॉट विकणाऱ्याचं बोलणं कान देऊन ऐकावं. माणसाचं मन निर्णय कसा घेतं, याचा अख्खा धडा त्या पाच-दहा मिनिटांत मिळतो.

समजा, त्याने आधी रस्त्यालगतचा प्लॉट दाखवला. दर चौरस फुटाला पाच हजार. मग आतला दाखवला, साडेतीन हजारांचा. आतला लगेच स्वस्त वाटतो. तोच आधी पाहिला असता तर कदाचित महाग वाटला असता! जमीन तीच, भाव तोच. बदलला फक्त क्रम.

मानसशास्त्रज्ञ आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७४ साली याचं थक्क करणारं रूप मांडलं. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं बनवलेलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांच्यापुढे १० आले, त्यांचा अंदाज साधारण २५ टक्के; ज्यांच्यापुढे ६५ आले, त्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी मन त्या आकड्याभोवतीच घुटमळत राहिलं.

धंद्यात मुरलेला माणूस तरी यातून सुटत असेल? नाही. १९८७ मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात घरांच्या दलालांना एक खरं घर फिरवून दाखवलं. माहिती सगळ्यांना सारखीच दिली. मालकाने सांगितलेली किंमत तेवढी वेगवेगळी. सांगितलेली किंमत चढी, तर दलालांनी काढलेलं मोलही चढं. आणि त्या किमतीचा आपल्यावर परिणाम झाला, हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

प्लॉट विकणाऱ्याचं पुढचं वाक्य ठरलेलं: 'आता दोनच प्लॉट उरलेत.' १९७५ साली स्टीफन वॉर्शेल आणि सहकाऱ्यांनी काही जणांना दहा बिस्किटं असलेल्या बरणीतलं, तर काहींना दोनच असलेल्या बरणीतलं बिस्किट चाखायला दिलं. बिस्किटं एकाच प्रकारची, पण दोनातलं अधिक हवंसं ठरलं. बाकीची इतरांनी मागितल्यामुळे कमी झाली असं कळलं, तेव्हा तर त्याची ओढ आणखीच वाढली. बयाणा देण्याची घाई होते ती इथेच.

या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो मात्र वेगळाच शोध. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकी सैनिकांना पटवून द्यायचं होतं की जपानशी लढाई अजून बराच काळ चालेल. कार्ल हॉवलंड आणि सहकाऱ्यांनी काहींना एकच बाजू ऐकवली, काहींना विरुद्ध मुद्देही सांगितले. ज्यांचं मत आधीपासून उलट होतं आणि जे जास्त शिकलेले होते, त्यांच्यावर दोन्ही बाजूंच्या मांडणीचा प्रभाव अधिक पडला. १९४९ साली हे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले.

शंका घेऊन साइटवर आलेलं कुटुंब अशाच मनःस्थितीत असतं. त्याला विक्रेत्याने आपणहून सांगावं, "आतला रस्ता अजून कच्चा आहे, पावसाळ्यात चिखल होतो, म्हणूनच इथला दर कमी आहे." उणीव आधीच कळल्यामुळे पुढच्या शब्दांना वजन येतं.

पहिला आकडा खोटा असला तरी मनावर परिणाम करतो, 'दोनच उरलेत' ही थाप असली तरी परिणाम करते. म्हणूनच ही विद्या जाणणाऱ्याची जबाबदारी मोठी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांचं नियमन करणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. ग्राहकाने तो तिथेच उघडावा आणि ऐकलेलं ताडून पाहावं. जो विक्रेता स्वतःच म्हणेल, 'आधी हे तपासा, मग बोलू', त्याच्याइतकं मानसशास्त्र दुसऱ्या कुणालाच उमगलेलं नाही.