‘कॉन्क्लेव्ह’ चित्रपट कसा पाहावा?

दिग्दर्शक एडवर्ड बर्गर यांचा ‘कॉन्क्लेव्ह’ हा रहस्यपट २०२४ साली प्रदर्शित झाला. रॉबर्ट हॅरिस यांच्या २०१६ मधील कादंबरीवर तो आधारलेला असून २०२५ मध्ये त्याच्या पटकथेला ऑस्कर लाभले. त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी पोप फ्रान्सिस प्रभुवासी झाले आणि खरी पोपनिवड जवळ येताच अनेकांनी ती या चित्रपटातूनच समजून घेण्याचा प्रयत्न केला. म्हणून तो कोणता विचार मनात पेरतो, हे तपासणे अगत्याचे आहे. त्यासाठी कथेचा शेवटही आम्हांला उघड करावा लागत आहे.

रहस्यपट सहसा उपदेश करीत नाही. आपली सहानुभूती कोणाकडे वळवायची, हे तो पात्ररचनेतून ठरवितो. येथे परंपरावादी कार्डिनल टेडेस्को लॅटिनचे कैवारी आहेत, पण त्याचबरोबर उद्दाम आणि मुस्लिमद्वेष्टेही आहेत. सुधारणावादी बेलिनींना महत्त्वाकांक्षा असली, तरी त्यांना क्षमा मागण्याची संधी मिळते. टेडेस्कोंना ती मिळत नाही. परिणामी, परंपरेवरील प्रेम म्हणजे परधर्माचा द्वेष, असे अन्यायकारक समीकरण नकळत रुजते. सत्तालालसेचे चित्रण मात्र आम्हांला आक्षेपार्ह वाटत नाही. श्रेष्ठ कोण, हा वाद प्रेषितांमध्येही झाला होता, असे शुभवर्तमानच सांगते.

कथेचा मुख्य आधारही तपासावा. काबूलचे आर्चबिशप बेनिटेझ यांना दिवंगत पोप महोदयांनी गुप्तपणे कार्डिनल नेमलेले असते व त्यांना मतदानास बसविले जाते. प्रत्यक्षात, ज्यांची नेमणूक जाहीर झालेली नाही अशा कार्डिनलांना मताधिकार नसतो. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९६ च्या नियमावलीनुसार हे स्पष्ट आहे. ७ मे २०२५ रोजी सिस्टाईन चॅपेलमध्ये गेलेल्या १३३ कार्डिनलांची नावे जगाला ठाऊक होती. त्यांत गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलीप नेरी फेर्राव यांच्यासह चार भारतीय होते. दुसऱ्याच दिवशी पोप लिओ चौदावे निवडले गेले.

शेवटी बेनिटेझच पोप होतात आणि ते आंतरलिंगी असल्याचे, म्हणजे त्यांच्या देहात जन्मतःच स्त्रीचेही अवयव असल्याचे उघड होते. येथेच आमचा मुख्य आक्षेप आहे. असा देह घेऊन जन्मलेली माणसे आपल्याही धर्मग्रामात असू शकतात. तीही देवाची लेकरे आहेत आणि त्यांचे दुःख खरे आहे. चित्रपट मात्र त्यांचे जगणे अखेरच्या काही मिनिटांत, प्रेक्षकाला धक्का देण्यापुरते वापरतो. ज्यांचा कैवार घ्यायचा, त्यांनाच तो कथेतील कोडे करून टाकतो.

युवक मंडळांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. बहिष्काराची गरज नाही. त्यानंतर तीन प्रश्नांवर चर्चा करावी: दोष कोणाच्या माथी मारले गेले? कोणते नियम कथेसाठी वाकविले गेले? आणि ज्या दुर्बलाची बाजू घेतली, त्याला स्वतःचे बोलणे मांडायला किती वेळ दिला?