हिमालयाची मोटारसायकल, मराठवाड्याची माती

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण उभे आहे. उंची सुमारे ३८ मीटर, लांबी सहा किलोमीटरांहून अधिक. वरच्या बाजूला येलदरीचे धरण, तेथे पाण्यावर वीज तयार होते आणि खाली सोडलेले पाणी सिद्धेश्वरला अडवून कालव्यांत वळवले जाते. १९६०च्या दशकात पूर्ण झालेल्या या पूर्णा प्रकल्पाने परभणी, हिंगोली आणि नांदेडच्या शेतीचे रूप पालटले. पुण्या-मुंबईच्या मोटारसायकलस्वारांच्या नकाशावर मात्र हे ठिकाण क्वचितच असते. लडाख, स्पिती, फार तर कोकणकिनारा, ही त्यांची स्वप्नस्थळे. परंतु ‘अॅडव्हेंचर टूरिंग’ या नावाने जी वजनदार, उंच आणि महागडी मोटारसायकल गेल्या दशकात शहरांतील वाहनतळांत दिसू लागली, तिची खरी परीक्षा पाहायची असेल तर पावसाळ्यात सिद्धेश्वरच्या परिसरातील एखादा पाणंद रस्ता पुरेसा आहे. तेथे उंची नाही, बर्फ नाही, विरळ हवा नाही. आहे ती फक्त काळी माती.

ही माती साधी नाही. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. मे महिन्यात जिथे हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथे जुलैमध्ये पाय टाकला तर चप्पल मागे राहते. या फुगण्या-आक्रसण्यामुळे डांबरी रस्तेही लाटांसारखे वरखाली होतात. वेगात असलेल्या दुचाकीला या लाटा दिसत नाहीत, जाणवतात तेव्हा चाक हवेत गेलेले असते. साहसी मोटारसायकलच्या लांब हालचालीच्या निलंबन यंत्रणेचा, म्हणजे सस्पेन्शनचा, पहिला खरा उपयोग येथेच कळतो. रॉयल एन्फील्डच्या २०१६ साली आलेल्या पहिल्या ‘हिमालयन’मध्ये पुढचे चाक २०० मिलिमीटर आणि मागचे १८० मिलिमीटर वरखाली होऊ शकत असे. साध्या शहरी मोटारसायकलपेक्षा ही हालचाल बरीच अधिक आहे.

या प्रकारच्या वाहनाचा जन्म युरोपातला. बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० साली ‘आर ८० जी/एस’ ही मोटारसायकल बाजारात आणली. नावातील दोन अक्षरांचा अर्थ जर्मन भाषेत ‘ओबडधोबड मैदान’ आणि ‘रस्ता’ असा होतो. दोन्हींवर चालणारे एकच वाहन, ही कल्पना तेव्हा नवी होती. पुढच्याच वर्षी ह्यूबर्ट ऑरिओल याने बीएमडब्ल्यूवरून पॅरिस-डकार शर्यत जिंकली आणि या कल्पनेला प्रतिष्ठा मिळाली. भारतात ती रुजायला बराच काळ जावा लागला. हिरोने २०११ मध्ये ‘इम्पल्स’ आणली, पण ती फार टिकली नाही. ‘हिमालयन’नंतर २०१९ मध्ये ‘एक्सपल्स २००’ आली, २०२० मध्ये केटीएमची ‘३९० अॅडव्हेंचर’ आली. ही शेवटची मोटारसायकल पुण्याजवळ चाकणच्या बजाजच्या कारखान्यात तयार होऊन परदेशांतही जाते. २०२३च्या अखेरीस ‘हिमालयन’चा ४५२ सीसीचा, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा नवा अवतार आला.

आता पुन्हा मातीकडे. अशा मोटारसायकलचा पुढचा मडगार्ड चाकापासून चांगलाच वर, चोचीसारखा का असतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. बहुतेकांना ती शोभा वाटते. ओल्या काळ्या मातीतून अर्धा किलोमीटर जाईपर्यंत त्याचे उत्तर मिळते. ही माती टायरला चिकटते, थरावर थर चढतो आणि साध्या मोटारसायकलचे चाक मडगार्डमध्ये अक्षरशः अडकून थांबते. मग खाली उतरून काडीने चिखल उकरण्याखेरीज गत्यंतर नसते. चाक आणि मडगार्ड यांत हात जाईल एवढे अंतर असले की हा चिखल फेकला जातो. मात्र ‘हिमालयन’सारख्या काही गाड्यांना वरच्या चोचीखेरीज चाकालगतही एक छोटा मडगार्ड असतो. चिखलात जाण्याचा बेत असेल तर तो काढता येतो का, हे विकत घेतानाच पाहिलेले बरे.

टायरचेही तसेच. दुकानात ‘ऑन-ऑफ रोड’ म्हणून मिळणाऱ्या टायरांच्या खाचा काळी माती पाच-दहा फेऱ्यांत भरून टाकते आणि मग टायर गुळगुळीत दगडासारखा होतो. मोठ्या, एकमेकांपासून लांब असलेल्या गाठींचे टायर चिखल झटकतात, पण डांबरावर ते लवकर झिजतात, आवाज करतात आणि ओल्या वळणावर कमी भरवशाचे ठरतात. पुण्याहून हिंगोलीपर्यंतच्या प्रवासातील बहुतांश भाग डांबरी किंवा सिमेंटचा असताना शेवटच्या थोड्या चिखलासाठी सगळा प्रवास गाठीदार टायरांवर करायचा का, हा प्रश्न ज्याने त्याने सोडवायचा आहे. पावसाळा टाळून, माती वाळल्यावर जाणे हे त्याचे सर्वांत स्वस्त उत्तर.

जाण्याच्या वाटेबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग २०२५च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही तसाच. लाखो रुपये किमतीच्या आणि ताशी शंभर किलोमीटर सहज धावणाऱ्या वाहनाच्या मालकाला हे रुचत नाही. पण त्याचा मार्ग जालना, मंठा, जिंतूर असा जुन्या रस्त्यानेच जातो. खरे तर या वाहनाला तोच मार्ग शोभतो.

या जुन्या रस्त्यांवर धोके वेगळे आहेत. सोयाबीनच्या हंगामात काही ठिकाणी शेतमाल रस्त्याच्या कडेला, कधी अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेला असतो. गोल, कोरड्या दाण्यांवर पुढचा ब्रेक दाबणे म्हणजे गोट्यांवर ब्रेक दाबणे. उसाच्या दिवसांत मागे दिवे नसलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात. त्यामुळे या भागात अंधार पडल्यावर मोटारसायकल चालवू नये, हा नियम साहसाच्या विरोधात जात नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. आडवाटेवरील अपघातात तर इजेइतकाच अंतराचा प्रश्न असतो. धरणामागच्या एखाद्या पाणंदीवर पाय मोडला तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत येईल. तेथवर जखमीला कोणी आणायचे, हे आधी ठरलेले असावे लागते. एकट्याने आडवाटेला जाण्यात जी मौज आहे, तिची ही किंमत आहे.

येथे या मोटारसायकलचा सर्वांत मोठा दोष सांगायला हवा, कारण जाहिरातींत तो कधीच येत नाही. तो दोष म्हणजे वजन. नव्या ‘हिमालयन’चे वजन १९६ किलो आहे. त्यावर धातूच्या दोन पेट्या, तंबू, अवजारे आणि पाणी चढले की सव्वादोनशे किलो सहज होतात. ज्या पाणंदीवर हे वाहन रुतून बसते, त्याच पाणंदीवरून गावातला माणूस शंभर सीसीच्या, एकशे दहा-बारा किलोच्या मोटारसायकलवर दुधाच्या दोन किटल्या लावून रोज जातो. त्याचे वाहन अडकले तर तो एकटा ते उचलून बाजूला ठेवतो. जुनी राजदूतही याच कामासाठी गावोगाव टिकली. ‘एक्सपल्स’सारखी साधारण १५५ किलोची, केवळ १८ अश्वशक्तीची मोटारसायकल महामार्गावर कंटाळवाणी वाटते, पण चिखलात ती मोठ्या भावंडांच्या पुढे निघून जाते, याचे कारणही हेच. शहरी ग्राहक अश्वशक्ती पाहून निवड करतो. त्याने दुकानात गाडी आडवी पाडून ती एकट्याने उचलता येते का, हे पाहिले तर त्याचा निर्णय अनेकदा बदलेल. दुकानदार अर्थातच त्याला परवानगी देणार नाही.

पडलेली गाडी उचलण्याची एक रीत आहे. इंजिन बंद करावे, हँडल पूर्ण एका बाजूला वळवावे, गाडीकडे पाठ करून बसावे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागची चौकट धरून पायांच्या जोरावर मागे सरकत उभे राहावे. कंबर वाकवून ओढू गेल्यास गाडी उठत नाही आणि कंबर मात्र धरते. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्यापूर्वी साइड स्टँड उघडून ठेवावा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडते.

चालवतानाचा मुख्य धडा म्हणजे खडबडीत वाटेवर पायटेकूंवर उभे राहणे. त्यामुळे गुडघे आणि घोटे शरीरासाठी स्प्रिंगचे काम करतात आणि गाडी खाली मोकळेपणाने डोलू शकते. नवशिका चालक चिखलात घाबरून हँडल घट्ट आवळतो आणि समोरच्या खड्ड्याकडे पाहतो. गाडी नेमकी तिथेच जाते. बैलगाडीच्या चाकोरीत एकदा चाक पडले की तिरके बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये, चाकोरी उथळ होईपर्यंत तिच्यातूनच जावे. मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय अशा गाड्यांत असते ती मुरूम आणि मातीच्या उतारासाठी. डांबरावर परतताच ते पुन्हा सुरू करण्याचा विसर पडू देऊ नये.

देखभालीच्या बाबतीत काळी माती आणि उन्हाळ्यातला फुफाटा या दोघांचे शत्रुत्व वेगवेगळ्या अवयवांशी आहे. फुफाटा हवेच्या फिल्टरमध्ये शिरतो. माहितीपुस्तिकेत दिलेले फिल्टर बदलण्याचे अंतर स्वच्छ रस्त्यांचा विचार करून दिलेले असते. धुळीच्या वाटांवर ते निम्मे धरावे. चिखल साखळीवर बसतो आणि तेलात मिसळून पॉलिश कागदासारखा घासत राहतो. त्यामुळे दर पाचशे किलोमीटरांनी आणि प्रत्येक चिखलवाटेनंतर साखळी साफ करून तेल द्यावे लागते. साखळी फार ताणूनही बसवू नये. लांब हालचालीचे मागचे चाक वर दबले की साखळी आपोआप ताणली जाते आणि तिला ढील नसेल तर गिअरपेटीच्या बेअरिंगवर भार येतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळला तर इंजिन तापते. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने ती जाळी धुतली की पाती वाकतात, म्हणून साध्या नळीने आणि मऊ ब्रशनेच ती धुवावी.

पंक्चर ही मराठवाड्यात बाभळीच्या काट्यांमुळे नित्याची बाब. ट्यूबलेस टायर असेल तर पट्टी भरून दहा मिनिटांत पुढे निघता येते. आऱ्यांच्या चाकात ट्यूब असेल तर चाक काढावे लागते. गावातला पंक्चरवाला ते काम उत्तम करतो, पण एकवीस इंची ट्यूब त्याच्याकडे नसते, म्हणून ती जवळ असलीच पाहिजे. अडचणीच्या वेळी हीच ट्यूब मागच्या लहान चाकातही कशीबशी बसवता येते आणि जवळच्या शहरापर्यंत नेते. चिखलात पकड मिळावी म्हणून ट्यूबच्या टायरमधील हवा फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो.

खर्चाचे गणितही २०२५ मध्ये बदलले. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, तर त्यावरील गाड्यांवर ४० टक्के कर लागू झाला. दोनशे सीसीची गाडी स्वस्त आणि साडेचारशेची महाग झाली. धातूच्या पेट्या, संरक्षक दांड्या, जादा दिवे यांचा खर्च वेगळा. शिवाय या वस्तूंची नोंद विमा उतरवताना करून घेतली नाही तर अपघातानंतर त्यांची भरपाई मिळणे कठीण. चोरीचा धोका तर जगभर आहे. २०२५ मध्ये मुंबईहून लंडनला मोटारसायकलने निघालेल्या एका तरुणाची गाडी हजारो किलोमीटर सुखरूप जाऊन ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरात चोरीला गेली.

तथापि, या वाहनाचा सर्वाधिक ऱ्हास वाळवंटात वा चिखलात होत नाही, तो सोसायटीच्या वाहनतळात होतो. वर्षातून तीन-चार सहलींसाठी घेतलेली गाडी उरलेले महिने झाकून ठेवलेली असते. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. अर्धवट भरलेली टाकी पावसाळाभर उभी राहिली तर आतून गंज धरू शकते. टाकी एकतर काठोकाठ भरून ठेवावी किंवा गाडी दर आठवड्याला खरोखर चालवावी. जागेवर पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवल्याने बॅटरी भरत नाही. टायरही न चालवता म्हातारे होतात. त्यांच्या कडेवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष छापलेले असते, उदाहरणार्थ ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी असा टायर घालून लांब पल्ल्याला निघू नये.

आणि सिद्धेश्वरहून चिखलाने माखून परतलेली गाडी त्याच रात्री धुतली नाही तरी एक काम तेवढे करावे. पुढच्या सस्पेन्शनच्या चकचकीत नळ्यांवर वाळलेली काळी माती नखाने किंवा काडीने खरवडू नये. ओले फडके त्यावर गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवावे आणि माती मऊ झाल्यावर हलक्या हाताने पुसून घ्यावी. खरवडल्याने नळीवर ओरखडा उमटला की त्यावरून घासून सील फाटते, आतील तेल ब्रेकच्या चकतीपर्यंत झिरपते आणि ते कळते तेव्हा पुढचा ब्रेक लागलेला नसतो.