आडवाटेचं घर कोणत्या चाकांवर?

लग्नाचं वऱ्हाड, शिर्डीची फेरी, अष्टविनायक, शाळेची सहल. आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरचं सगळं आयुष्य यातच जातं. तिचं मूळ मर्सिडीजच्या ‘टी-१’ या व्हॅनमध्ये आहे. ती व्हॅन जर्मनीत १९७७ ते १९९५ या काळात तयार झाली आणि पुढे युरोपातल्या भटक्यांनी जुन्या टी-१ विकत घेऊन त्यांची घरं केली. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून त्यांनी या गाड्या मोरोक्कोच्या वाळवंटापर्यंत नेल्या. म्हणजे आडवाटेवर राहण्याच्या परीक्षेत उतरलेल्या गाडीची बहीण आपल्या बसस्टँडबाहेर रोज प्रवासी भरत उभी असते.

ती आपल्याकडे आणली पुण्याच्या कंपनीने. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याशी सहकार्य करून बजाज टेम्पो उभी केली. आधी तीनचाकी, मग मॅटॅडोर आणि १९८०च्या दशकात ट्रॅव्हलर. २००५ साली कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी लोकांच्या तोंडी ‘टेम्पो’ राहिलाच.

छत्रपती संभाजीनगरात राहून वर्ष-सहा महिने लडाख, स्पिती, कच्छ, ईशान्य भारत असं फिरण्याचा विचार करणारी माणसं आता भेटू लागली आहेत. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे परदेशी चित्र असतं: छातीएवढ्या टायरांचा युनिमॉग ट्रक, त्यावर पांढरी पेटी, मागे शिडी. अशा गाडीचा मोह मला समजतो. पण आधी दौलताबादच्या दिल्ली दरवाजाशी जाऊन उभं राहा. वेरूळचा जुना रस्ता त्या दरवाजातून जातो आणि एखादी मोठी बस आत शिरली की दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते. आपल्या शहरातल्या मकाई आणि महमूद दरवाजांचीही तीच गत. देशभरचे जुने घाट, गावांतल्या गल्ल्या, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि रेल्वेखालचे बोगदे याच मापाचे आहेत. गाडी जितकी रुंद आणि उंच, तितकी तिची आडवाट कमी होते.

माझ्या लेखी निवडीची पहिली कसोटी इंजिनाची ताकद ही नाही आणि आतली सजावट तर नाहीच. गाडी बंद पडेल तिथल्या तालुक्याच्या मेस्त्रीला ती उघडता आली पाहिजे. इथे ट्रॅव्हलरची बाजू भक्कम होते. महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी १०८ची सेवा सुरू झाली. त्यात याच जातीच्या गाड्या मोठ्या संख्येने होत्या. दुर्गम तालुक्यांत रुग्ण आणणाऱ्या गाडीचे पाटे, क्लच प्लेट, बेअरिंग, ब्रेक लायनर कुठे मिळतात हे ठाऊक असलेला माणूस आसपास असतोच. सुट्या भागासाठी पंधरा दिवस धाब्यावर काढावे लागले, तर चाकांवरच्या घराचं घरपण संपतं.

मग फोर-बाय-फोर हवीच का? पुष्कळ जण इथेच पैसे घालतात. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. चिखल टायरच्या खाचांत भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाकं जागच्या जागी फिरतात. अशा शेतरस्त्यावर थांबणं हाच उपाय आहे. ऊन पडलं की दोन दिवसांत वाट मोकळी होते. वेळ हाताशी असलेल्या प्रवाशाला तेवढं जमतं. बर्फाळ चढ, स्पितीतले वाहते नाले, रणातली मऊ जमीन इथे मात्र चारही चाकांना जोर लागतो. त्यासाठी फोर्सचीच गुरखा आहे. पाच दारांची गुरखा २०२४ साली आली: २.६ लिटरचं डिझेल इंजिन, १४० पीएस, जमिनीपासून २३३ मिलिमीटर उंची, ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक. चाक हवेत लटकलं तरी लॉक लावल्यावर दुसऱ्या चाकाला जोर मिळतो, आणि तिथे हे लॉक टायरच्या आकारापेक्षा जास्त कामाला येतं. पण गुरखात उभं राहता येत नाही. बाहेर तीन दिवस पाऊस लागला की वाकून कपडे बदलणं, बसून स्वयंपाक करणं जिवावर येतं. एकट्या, तरुण, डोंगरवेड्या माणसासाठी ती उत्तम. पन्नाशीतल्या जोडप्याला मी ती सुचवणार नाही.

आता वजन. बहुतेक घरं इथेच फसतात. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते आणि टिकवायची तर निम्मीच वापरावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी दहा-बारा किलोत येते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. प्लायवूडची कपाटं, ग्रॅनाइटचा ओटा, छतावरची स्टेपनी हे सगळं पाट्यांवर येतं. छतावरचं वजन तर घाटाच्या वळणावर गाडी झुकवतं. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या खाली, दोन्ही आक्सलच्या मधे ठेवा. मागचा लोंबता भाग लांब ठेवू नका, नाहीतर नाला चढताना बंपर आधी टेकतो. शहराजवळ वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि भोवती लहान फॅब्रिकेशनची वर्कशॉपं उभी राहिली. स्टीलची टाकी, ॲल्युमिनियमच्या चौकटी, हवं तसं वेल्डिंग हे काम आपल्या शहराइतकं चोख फार थोड्या ठिकाणी होतं. त्याचा फायदा घ्या आणि लाकूड कमी करा.

विजेचा हिशेब सोपा आहे. छतावर चारशे वॅटचं सौर पॅनेल असेल तर आपल्या उन्हात दिवसाला दीड ते दोन युनिट मिळतात. लहान डीसी फ्रीज, दिवे, पंखा, फोन एवढं त्यात निभावतं. एसी निभावत नाही. उन्हाळ्यात उंचावर राहायला जाणं हाच एसी. गॅस बाळगायचा तर लहान सिलिंडर, त्याचा कप्पा झोपण्याच्या जागेपासून बंद आणि कप्प्याला खाली, तळाशी भोक, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की खाली साचतो. प्रेशर कुकर विसरू नका. लेहच्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

उंचावरच्या थंडीचा त्रास बीएस-६ गाड्यांनाही होतो. २०२० पासूनच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत युरियाचं द्रावण भरावं लागतं आणि ते उणे ११ अंशांना गोठतं. साधं डिझेलही लडाखच्या हिवाळ्यात घट्ट होतं. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ साली तिथे खास हिवाळी डिझेल आणलं. डोंगरात हिवाळा काढायचा बेत असेल तर गाडी घेण्याआधीच याची चौकशी करावी.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करणारे नंतर पस्तावतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. जुनी प्रवासी गाडी घेऊन आत पलंग ठोकला, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मान्यता असलेल्या बांधणीकाराकडूनच घर बांधून घ्या आणि एमएच-२० च्या कार्यालयात नोंद खासगी कॅम्पर म्हणून होईल ना, हे पैसे देण्याआधी विचारा. भरलेल्या गाडीचं वजन साडेसात टनांच्या आत असेल तर हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. देशाबाहेर जायचं तर पुष्कळ देशांत गाडी नेण्यासाठी ‘कार्नेट’ हे सीमाशुल्काचं कागदपत्र लागतं. ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं.

माझा कौल असा: दोघांच्या दीर्घ प्रवासाला आखूड चेसिसची, उंच छताची ट्रॅव्हलर, साधी टू-व्हील ड्राइव्ह, चांगले टायर, फावडं आणि दोरखंड. ज्यांना बर्फ आणि नाले चुकवायचेच नाहीत त्यांनी गुरखा घ्यावी आणि सोबत तंबू ठेवावा. गाडी कोणतीही घ्या, निघण्याआधी पाणी, डिझेल, सामान आणि माणसं भरून ती जवळच्या वजनकाट्यावर न्या. पुढच्या आणि मागच्या आक्सलचं वजन वेगवेगळं करून घ्या. कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा काटा पुढे गेला, तर सामान तिथेच उतरवा.