बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत

लसीकरणाच्या कार्डापाठोपाठ पिशवीतून हमखास निघते ती कॅल्शियमची बाटली. पुण्यातल्या जनावरांच्या एखाद्या दवाखान्यात शनिवारी संध्याकाळी तासभर बसलं, तर हे दोन-तीनदा तरी पाहायला मिळतं. बाटली बहुतेक वेळा पिल्लू विकणाऱ्यानंच गळ्यात मारलेली असते. 'मोठी जात आहे, हाडं मजबूत व्हायला हवीत' हा सल्ला त्यावर फुकट. टेबलापलीकडचे डॉक्टर बाटली उचलून बाजूला ठेवतात आणि विचारतात, "खायला काय काय देता?"

आत्ता टेबलावर लॅब्राडॉरचं पिल्लू आहे. तीन महिन्यांचं, वजन बरोबर १० किलो, पोट टम्म. उत्तर तिघांकडून तीन तऱ्हेचं येतं. आई म्हणते, पपी फूड. बाबा बाटलीकडे बोट दाखवतात. आजी थोड्या थांबून म्हणतात, "आणि दूध. सकाळी पावशेर, रात्री पावशेर. म्हशीचं. अन् अंड्याच्या टरफलांची पूड करून ठेवलीय, ती चमचाभर घालते रोज."

डॉक्टर रागावत नाहीत. कागद ओढून आकडे मांडायला लागतात.

मोठ्या जातीच्या पिल्लाचं खाणं ठरवताना खरी अडचण आपल्या मायेची असते. अंगानं भरलेलं, गुबगुबीत पिल्लू आपल्याला सुदृढ वाटतं. लॅब्राडॉर जन्मतो तेव्हा अर्धा किलोच्या आतबाहेर असतो आणि वर्षभरात तीस किलोच्या घरात जातो. ग्रेट डेन तर पन्नास-साठ किलोंवर. एवढी वाढ होताना हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा हळूहळू हाडात बदलत असते. त्या काळात वजन भराभर चढवणं म्हणजे खालचा स्लॅब ओला असताना वरचा मजला बांधायला घेणं. सांधे वाकतात, खांद्यातली कूर्चा सुटते, आणि खुब्याचा दोष रक्तात असेल तर तो जोर धरतो.

हे १९७४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर पाहिलं गेलं. काही पिल्लांना मनसोक्त खाऊ दिलं, काहींना त्याच्या दोन तृतीयांशच. मनसोक्त खाणारी भराभर वाढली आणि हाडांच्या दुखण्यांनी बेजार झाली. पुढे १९८५ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅल्शियमकडे मोर्चा वळवला. तिथेही ग्रेट डेनच, आणि जास्त कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांची हाडं बिघडली. कारण आतड्यांत आहे. वाढ पुरी झालेल्या कुत्र्याला गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम मिळालं तर आतडी ते कमी शोषतात. साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला हा नकार देता येत नाही. समोर येईल त्यातलं जवळपास निम्मं शरीरात जातंच, आणि हाडांची घडण त्यानं मंदावते, वेडीवाकडी होते.

बिचाऱ्या प्रथिनांवर मात्र उगाच आळ आला. 'प्रोटीन जास्त झालं की पाय वाकतात' असं कुत्रेवाल्यांच्या गप्पांत आजही ऐकू येतं. उट्रेख्तमध्येच १९९१ साली वेगवेगळ्या प्रमाणात प्रथिनं देऊन ते तपासलं गेलं. सांगाड्यावर दुष्परिणाम दिसला नाही.

इकडे कागदावर आकडे उमटलेत. पिल्लाच्या वजनाचा ०.७५ घात गुणिले ७० हे विश्रांतीतल्या गरजेचं सूत्र. १० किलोला ते ३९४ कॅलरी येतं. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला त्याच्या तिप्पट, म्हणजे ११८० च्या आसपास. चार महिन्यांनंतर दुप्पट. गंमत अशी की हेच पिल्लू महिन्याभरानं १५ किलोचं झालं, तरी दुपटीच्या हिशेबानं त्याला १०७० च्या आसपासच लागतील. वजन वाढलं, वाटी तीच राहिली किंवा थोडी उतरली. हे ऐकून बाबा कागद स्वतःकडे फिरवून घेतात. सूत्र अर्थात अंदाजापुरतं, खरा निकाल पिल्लाचं अंग देतं.

ड्राय फूडच्या १०० ग्रॅममध्ये ३८० कॅलरी धरल्या, तर ११८० साठी ३१० ग्रॅम दाणे पुरतात. त्यावर आजींचं अर्धा लिटर दूध म्हणजे आणखी ५०० कॅलरी. टम्म पोटाचा उलगडा इथेच होतो. कॅल्शियमचा हिशेब आणखी बोलका आहे. मोठ्या जातीच्या पिल्लाला हजार कॅलरींमागे ३ ते साडेचार ग्रॅम कॅल्शियम हवं, म्हणजे या पिल्लाला दिवसाला साडेतीन ते ५.३ ग्रॅम. दाण्यांतून ३.७ मिळालंच. दुधातून ०.९. टरफलांची पूड चहाच्या चमच्यानं घेतली तरी त्यात साधारण २ ग्रॅम. एकूण ६.६, आणि बाटली अजून उघडलेलीच नाही.

"म्हणजे मी विष घालत होते का रे?" आजी विचारतात.

"नाही हो आजी. तुमची पूड वाईट नाही, ती चुकीच्या ताटात पडत होती."

बरोबर ताट कोणतं, ते बाहेरच्या बाकावर आहे. जर्मन शेफर्डचं पिल्लू, चार महिन्यांचं, पुढचे पाय मनगटाशी बाहेर झुकलेले. घरी दोन्ही वेळा बिनहाडाचं चिकन आणि भात. आयुष्यात पाकिटातलं काही खाल्लेलं नाही, हे त्याचे मालक अभिमानानं सांगतात. बिनहाडाच्या ३०० ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम ग्रॅमचा विसावा-तिसावा भागसुद्धा मुश्किलीनं असतं आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट. हवं असतं ते कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा फार तर दुप्पट. रक्तातली पातळी टिकवायला शरीर मग स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढतं. अशा पिल्लाची हाडं सोफ्यावरून उडी मारतानाही मोडू शकतात. याला कॅल्शियम लागणार आहे, पण तोलून. घरचंच खाणं द्यायचं असेल तर पशुआहाराच्या जाणकाराकडून ग्रॅमवारी पाककृती बांधून घ्यावी लागते. अंदाजपंचे चमचा इथेही चालत नाही. तोवर डॉक्टर त्याला तयार, पूर्ण आहारावर आणतात, आठवडाभरात थोडं थोडं बदलत, नाहीतर पोट बिघडतं.

तयार आहार निवडायचा कसा? पिशवीच्या दर्शनी बाजूला धावणारा कुत्रा आणि कोंबडीची तंगडी असते. वाचायचं ते मागे, शिवणीजवळ, बारीक अक्षरांत. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष सुचवणारी आफ्को ही संस्था प्रौढपणी ७० पौंड, म्हणजे ३२ किलोंच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या कुत्र्यांना वेगळं मोजते. त्यांच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या भागाच्या १.८ टक्के, इतरांसाठी अडीच. म्हणून नुसतं 'पपी' पुरत नाही, 'सर्व वयांसाठी' तर त्याहून नाही. मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसह आहार पूर्ण आहे, असं स्पष्ट विधान हवं.

खरी मेख पुढे आहे. पुष्कळ पिशव्यांवर कॅल्शियमचा आकडा 'किमान' म्हणून छापतात. किमान १.२ लिहिलेल्या पिशवीत प्रत्यक्षात दोन टक्केही असू शकतं, आणि ते लिहिणं खोटं ठरत नाही. मोठ्या जातीला काळजी कमाल मर्यादेची, छापलेला असतो किमान आकडा! कंपनीला सरळ विचारावं, कॅल्शियम जास्तीत जास्त किती आणि १०० ग्रॅममागे कॅलरी किती. जी कंपनी या दोन प्रश्नांना सरळ आकडे देत नाही, तिची पिशवी कितीही महाग असली तरी घेऊ नये.

पिशवीवरचा 'वजनानुसार खुराक' हा तक्ताही सुरुवातीपुरता. दाणे वाटीनं मोजले की घरातल्या प्रत्येकाची वाटी वेगळी होते, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बरा. मग दर पंधरा दिवसांनी वजन आणि हात. डॉक्टर आजींसोबत आलेल्या घरातल्या मुलीचा हात धरून लॅब्राडॉरच्या पिल्लाच्या कुशीवरून फिरवतात. बरगड्या दिसायला नकोत, पण दाबावं न लागता बोटांना लागल्या पाहिजेत. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली हवी. या पिल्लाच्या बरगड्या सापडायला तिला दोन्ही हात लावावे लागतात.

सडपातळ ठेवण्याचा फायदा लहानपणापुरता नाही. २००२ साली अमेरिकेत एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४८ लॅब्राडॉरांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, आठ आठवड्यांच्या वयापासून जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं निघालं, जोडीदारांचं ११.२. खुब्याचे सांधेही त्यांचे उशिरा आणि कमी बिघडले.

कागदाच्या खाली आता चार ओळी आहेत. ३१० ग्रॅम, तीन वेळा विभागून. सहा महिन्यांनंतर दोन वेळा. पूड आणि बाटली बंद. दूधही बंद, कारण आईचं दूध सुटलं की ते पचवण्याची पिल्लाची ताकद कमी होत जाते.

"पोळीचा तुकडा?" आजी सोडत नाहीत.

"द्या की. पण वरचं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत, आणि तेवढे दाणे कमी करून. कांदा लागलेलं काही नको. मनुका-द्राक्षं तर अजिबात नकोत."

बाबांना मोठ्यांचं खाणं कधी सुरू करायचं ते हवंय. लॅब्राडॉरला साधारण बारा ते पंधरा महिन्यांनी, ग्रेट डेनला दीड ते दोन वर्षांनी, हाडांची वाढ पुरी झाल्यावर. त्याआधी नसबंदी झाली तर त्याच आठवड्यात पुन्हा काट्यावर आणायचं, कारण नंतर भूक वाढते, कॅलरींची गरज मात्र उतरते, आणि ३१० ग्रॅमचा हा कागद तेव्हा नव्यानं लिहावा लागतो.