घर टिकले, बोलीचे काय?

आज एका जुन्या घराच्या निमित्ताने थोडा विचार करू. हाँगकाँगमध्ये त्सुएन वान नावाच्या भागात ‘साम तुंग उक’ आहे. नावाचा अर्थ तीन आढ्यांचे घर. १७८६ साली चान कुळातल्या हक्का लोकांनी ते बांधले. म्हणायला घर, खरे तर एका कुळाचे तटबंद गावच.

हक्का म्हणजे ‘पाहुणे कुटुंबे’. चिंग राजवटीने १६६१ पासून दक्षिण किनारा सक्तीने रिकामा करवला होता. १६६९ मध्ये ती बंदी उठली आणि ओस जमिनी कसायला हे लोक येत गेले. आता बघा, पाहुणा म्हणजे चार दिवसांचा. इथे पिढ्यान् पिढ्या राहूनही नाव पाहुणेच राहिले! अशा माणसाला ‘आम्ही कोण’ हे रोज स्वतःलाच सांगावे लागते. ते काम घराची रचना करते. मधोमध एका सरळ रेषेत प्रवेशाचे, बैठकीचे आणि पूर्वजांचे अशी तीन दालने. राहायच्या खोल्या दोन्ही बाजूंना आणि मागे. म्हणजे मधली जागा जिवंत माणसांच्या सोयीसाठी नाही, ती कुळासाठी. नाते इथे भिंतींत मांडलेले आहे.

पुढे शहर वाढले, भुयारी रेल्वे आली. १९८० मध्ये रहिवासी दुसरीकडे हलले. १९८१ मध्ये वास्तू संरक्षित स्मारक ठरली, १९८७ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. चांगलेच झाले, नाहीतर तिथे आज एखादा टॉवर असता.

आता प्रश्न असा, की टिकले नेमके काय? वस्तू टिकली, आकार टिकला. पण घर हे नुसते नाम नाही, त्यात ‘राहणे’ ही क्रिया आहे. ती क्रिया तिथे थांबली. काचेमागचा नांगर खरा असतो, पण तो नांगरत नाही.

हक्कांमध्ये एक म्हण आहे: पूर्वजांची शेते विकावीत, पण पूर्वजांची बोली विसरू नये. हाँगकाँगमध्ये आज उलटे घडते आहे. घर जपले गेले; हक्का बोली मात्र नव्या पिढीच्या तोंडून कमी होत चालली आहे. भिंतींसाठी कायदा करता येतो. आजीने नातवाशी कोणत्या भाषेत बोलावे, याचा कायदा होत नाही. ते ज्याचे त्यालाच करावे लागते, आणि रोज करावे लागते.